गीता ३.१६ : फिरतं चाक आणि झिजलेलं बेअरिंग



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला सोळावा. त्याच्या आधी भगवंत एक साखळी सांगतात. जीव अन्नावर, अन्न पावसावर, पाऊस यज्ञावर, यज्ञ कर्मावर. आणि मग सोळाव्यात अर्जुनाला बजावतात की असं फिरतं ठेवलेलं हे चाक जो पुढे फिरवत नाही, नुसता आपल्या मौजेत रमतो, त्याचं जगणं वाया गेलं. शब्द कडक आहेत. मवाळ करून सांगायची माझी इच्छा नाही.

आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या एका माणसाने याच कर्माच्या चाकावर अख्खा ग्रंथ लिहिला. लोकमान्य टिळक, जन्म १८५६. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेलं ते ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं. टिळक आळीतल्या त्यांच्या घरी गेला असाल तर ठीकच, नसाल तर पुढच्या खेपेला बीचच्या आधी तिथे जा.

आता तुम्ही म्हणाल, चाक म्हणजे रथाचं, ते जुनं झालं. तर आज रथ नको, गाडीच घेऊ. तीही साधी नाही. सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? शेजारच्या गोव्यात बनायची. दोनच माणसं बसतील अशी, फायबरग्लासच्या बॉडीची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९९८ च्या सुमारास आली, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. आता कंपनीकडून सुटे भाग मिळणं विसरा. अशी एक गाडी माझ्या एका मित्राकडे आहे आणि तिच्या रेडिएटरच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं.

लक्षण काय? गुरगुर. मांडवीच्या रस्त्याने पाचच मिनिटं फिरवली तर काही नाही. गाडी सिग्नलला थांबली, इंजिन तापलं, पंखा सुरू झाला की दळणाच्या गिरणीसारखा आवाज. मित्राने पहिले काही महिने काय केलं? गाणी मोठ्याने लावली.

यात एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. गाडी महामार्गावर पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा बंद असला तरी कळत नाही. कळतं ते साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना, पुढे उसाचा ट्रॉली-ट्रॅक्टर असताना, दुसऱ्या गिअरमध्ये. तेव्हा वारा नाही, उष्णता मात्र सगळ्यात जास्त. काटा वर जातो आणि थांबला नाहीत तर हेड गॅसकेट उडतं, हेडसुद्धा वाकू शकतं. शंभर-दोनशे रुपयांच्या बेअरिंगपायी इंजिन खोलायची वेळ.

आपलंही असंच चालतं. नोकरी पळतेय, वीकेंड भरलेले, तोवर आतलं काय झिजलंय ते कळत नाही, कारण वेगाचा वारा लागतोय. थांबलं की तापतं. नामस्मरण सुटलं तरी सहा महिने काही बिघडत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. घाट लागेपर्यंत.

मिरजोळे एमआयडीसीकडच्या एका गॅरेजमध्ये मित्राने गाडी नेली. तिथले चाचा वयस्कर. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मित्र म्हणाला, “चाचा, गाडी तर बंदच आहे.” ते म्हणाले, “बंद तुझ्यासाठी. इंजिन गरम असलं की पंखा चावी नसताना पण फिरतो. बोटं मोजून घरी जायचंय मला.” खरंच आहे, बऱ्याच गाड्यांत तो तपमानाच्या स्विचवर चालतो, चावीवर नाही.

मग प्लग सुटला, पंख्याचं कडं आख्खं बाहेर आलं. पाती हाताने फिरवली तर खरखर, आणि दांडा आडवा हलवला तर हलतो. चाचांनी पाती काढायच्या आधी खडूने खूण केली, मोटर उघडली. ब्रश अजून बरे होते. बेअरिंगच्या आत तांबूस चिखल. समुद्राची खारी हवा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, रत्नागिरीत लोखंडाला वेगळं आजारपण लागत नाही. (सगळ्या मोटरींत असं बेअरिंग नसतं बरं का. काहींत पितळी बुश असतो, काहींची मोटर उघडतच नाही, ती अख्खी बदलावी लागते.)

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला होता. आणि इथे मला फार बरं वाटलं. गाडी दुर्मीळ, कंपनी नाही, पण बेअरिंगला गाडीचं नाव माहीतच नसतं. ६०८ म्हटलं की आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७, मग ते स्केटबोर्डात असो की मिक्सरमध्ये. ६२०१ म्हटलं की १२, ३२, १०. जगात कुठेही. नंबर वाचला आणि बाजारात मिळालं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, आपल्या हवेला तेच हवं.

बसवताना चाचांनी पाईपचा एक तुकडा घेतला, नेमका आतल्या कड्यावर टेकेल असा, आणि त्यावर हळू ठोकलं. दांड्यावर बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, गोळ्यांची मार्गिका ठेचते आणि नवं बेअरिंग एक फेरा फिरायच्या आधीच जुनं होतं. नवीन वर्षाचे संकल्प करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता शब्दाकडे येतो. ‘सुख’ हा शब्द ऋग्वेदात रथाचं विशेषण म्हणून येतो. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. चाकाच्या तुंब्यातलं भोक आसावर नीट बसलं की तो रथ ‘सु-ख’. नाही बसलं की ‘दुः-ख’. या व्युत्पत्तीवर पंडितांत मतभेद आहेत, पण मला ती सोडवत नाही. सुख म्हणजे मिळालेली वस्तू नाही, मधली पोकळी साफ असणं. घर्षण नसणं. आपण मात्र पाती रंगवत बसतो.

आणि आता ज्यासाठी हा श्लोक आज निवडला ते. प्रत्येक घरात असा एक पंखा असतो. दुसरे तापले की तो सुरू होतो. बाकी वेळ कुणी त्याच्याकडे बघत नाही. तुम्ही पुण्यात, मुंबईत, ठाण्यात; ती इकडे. फोनवर म्हणते, “काही नाही रे, गुडघा जरा धरलाय.” ही गुरगुर आहे. आपण म्हणतो, “गोळी घे ना,” आणि गाणी मोठी करतो.

मिस्त्री लोक आणखी एक गोष्ट सांगतात. बेअरिंग जड झालं की मोटर जास्त करंट ओढते, फ्यूज उडतो. मग कुणीतरी १५ चा काढून ३० चा घालतो. फ्यूज टिकतो, वायर वितळते. वेदनाशामक गोळीवर चार पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी आई म्हणजे ३० चा फ्यूज घातलेली गाडी. भगवंतांनी बाराव्या श्लोकात, दिलेलं परत न करता नुसतं भोगणाऱ्याला चोर म्हटलंय. तो शब्द मी आपल्या पिढीला, म्हणजे मला धरूनच, लावून बघतो तेव्हा बरं वाटत नाही.

बेअरिंग चालू पंख्याचं बदलता येत नाही. पंखा थांबवावा लागतो, गाडी दिवसभर उभी ठेवावी लागते. म्हणजे आईला महाबळेश्वरला नेऊन तिथेही तिच्याकडून दशम्या बांधून घेणं नव्हे. चार दिवस घरी जायचं, तिला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि भात आपण लावायचा. जमेल तसा. थोडा करपला तरी चालेल.

या आठवड्याचं वाचन हेच ठेवा. पारायण राहिलं तरी हरकत नाही.

उद्या सतरावा श्लोक. आत्म्यातच रमलेल्याला करायचं काही उरत नाही, असं तिथे भगवंत म्हणतात. मग सोळाव्यात चाक फिरव म्हणाले आणि लगेच सूट दिली की काय? टिळक याच जागी अडून बसले आणि एकोणिसाव्या श्लोकातल्या ‘तस्मात्’वर बोट ठेवलं. ते उद्या. तिन्ही श्लोक आज रात्री वाचून ठेवा.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।