सफरचंदावरची लाख

जैन श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याची पंधरा नावांची यादी 'उपासकदशांग' सूत्रात आहे. हस्तिदंत आणि विष यांच्या व्यापाराच्या पंगतीत तिथे लाखेचा व्यापारही बसवला आहे. कारण लाखेत जीव मरतात.

आज हीच लाख शुद्ध होऊन 'शेलॅक' नावाने फळांवर चढते. तिचा पातळ थर फळातलं पाणी उडू देत नाही, श्वसन मंद करतो, शिवाय निसर्गात विघटित होतो. प्लास्टिकला पर्याय शोधणाऱ्यांना ती सोयीचीच. पण असं सफरचंद शाकाहारी म्हणायचं का?

कायदा म्हणतो, हो. अन्नसुरक्षा नियमांनी प्राणिजन्य घटकांना मांसाहारी ठरवताना दूध, मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅक यांना नावानिशी वगळलं आहे.

जैन आचाराला मात्र मधही चालत नाही. त्याची नजर घटकाइतकीच तो मिळवण्याच्या कृतीवर असते, आणि लाखेच्या बाबतीत ही कृती घडते झाडावर. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर केरिया लॅक्का हा इवला कीटक रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच उभारतो. झारखंडात ही शेती मोठी, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यातही ती होते. पिल्लं नव्या फांदीवर निघून गेल्यावर खरवडतात ती 'फुंकी' लाख. त्याआधीच फांदी तोडली तर ती 'अरी'. तिच्यात माद्या पिल्लांसकट मरतात. कारखान्यात धुऊन, वितळवून, गाळून निघालेल्या शेलॅकमध्ये हा फरक ओळखू येत नाही.

उलट बाजूचा युक्तिवादही जैन विचारातच सापडतो. सडक्या अन्नात जीव उपजतात, म्हणून ते अभक्ष्य. मग फळाची नासाडी लांबवणारा थर एक हिंसा टाळतो की दुसरी घडवतो? ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण वापरलं, तर ही कोंडी बऱ्याच अंशी सुटते.

भारतीय नियमांनी मेण लावलेल्या ताज्या फळांवर त्या मेणाचं नाव छापायला सांगितलं आहे. त्यामुळे व्रत पाळणाऱ्याला कार्नोबा आणि शेलॅक यांत निवड करता यायला हवी. पण ते नाव पेटीवर असेल, तर किलोभर सुटी सफरचंदं घेणाऱ्याला ती पेटी मागून पाहावी लागेल. आणि तिथे शेलॅक लिहिलेलं दिसलं, तरी ते फुंकीचं की अरीचं हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.