खटक्याचा चाकू आणि मधला क्षण



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण अमेरिकेत, टेक्सास राज्यात नोकरी करतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने आम्हाला आपला चाकू दाखवला. मुठीवरचा खटका अंगठ्याने पुढे सरकवला की पाते मुठीच्या तोंडातून सरळ बाहेर येते. मागे ओढला की आत जाते. तो चाकू तो स्वतः खोलतो, साफ करतो, जुळवतो. मग त्याने विचारले, "फादर, मला कुणाला ओरखडाही काढायचा नाही. तरी हा बाळगण्यात काही चूक आहे का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कायद्यांनीही या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले नाही. तरुणांच्या टोळ्यांची भीती पसरली असताना, १९५८ साली अमेरिकेने अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. टेक्सासने आपल्या राज्यातील बंदी २०१३ साली उठवली. इंग्लंडमध्ये मात्र १९५९ साली त्यांची विक्री बंद झाली आणि २०१९ च्या कायद्याने ते घरात ठेवणेही गुन्हा ठरले. आपण जिथे राहतो तिथला कायदा पाळायचा, हे तर आलेच. पण कायद्याने मोकळीक दिली म्हणून सदसद्विवेकबुद्धीला सुटी मिळत नाही.

प्लेटोने छाटणीच्या सुरीचे उदाहरण दिले आहे. वेल दुसऱ्या पात्यानेही कापता येईल, पण त्याच कामासाठी घडवलेली सुरी ते सर्वांत चांगले करते. तेच तिचे कार्य. मग या चाकूचे कार्य कोणते? कापणे तर साध्या चाकूलाही जमते. हा घडवला आहे तो वेळ वाचवण्यासाठी. साधा घडीचा चाकू उघडायला बहुधा दोन हात लागतात आणि थोडा वेळ जातो. तो वेळ येथे नाहीसा होतो.

हे वाईटच आहे का? १९५८ च्या त्याच कायद्यात एक सवलत आहे: ज्याला एकच हात आहे, त्याला तीन इंचांपर्यंत पाते असलेला असा चाकू जवळ बाळगता येतो. त्या माणसासाठी खटका म्हणजे स्वावलंबन. शिडीवर एका हाताने दोर कापणाऱ्यालाही तो उपयोगी. पण ज्यांना दोन्ही हात आहेत आणि कसली घाई नाही, ते आपण कोणता वेळ वाचवतो? हात आणि पाते यांच्यामधला तो क्षण विचाराचाही असतो. राग आला तर माघार तिथूनच घेता येते.

त्या तरुणाच्या छंदात आम्हाला चांगलेही दिसले. त्याने सांगितले, स्प्रिंग पात्याला शेवटपर्यंत ढकलत नाही. सुरुवातीला जोर देते, पुढे पाते आपल्या वेगाने जाते. म्हणून आत कचरा साचला किंवा जाड तेल पडले, तर ते खाचेपर्यंत पोहोचत नाही. पाते किंचित हलते, ते त्याला खटकत होते. त्याने सगळी ढिलाई काढायचा प्रयत्न केला, तेव्हा पाते अडकले. थोडी मोकळीक हवीच, हे तो त्या दिवशी शिकला. वाटेत अडथळा आला तर पाते अर्ध्यावरच सुटते आणि हाताने ओढून पुन्हा जागेवर बसवावे लागते. यंत्र अडथळ्यापाशी थांबते. चिडलेला माणूस थांबेलच असे नाही.

संत थॉमस अक्विनास कला आणि विवेक यांत भेद करतात. कलेने वस्तू चांगली होते. माणूस चांगला होण्यासाठी विवेक लागतो. उत्तम जुळवलेला चाकू मालकाच्या बोटांविषयी सांगतो, मनाविषयी नाही.

म्हणून आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, ठेवणे पाप नाही. पण तू तो कधी हातात घेतोस, ते पाहा. निवांतपणी, टेबलावर, तेलाच्या थेंबासह घेतोस, तर तो छंद आहे. अपमान झाल्यावर खिशात हात जातो आणि बरे वाटते, तर तो छंद राहिलेला नाही. त्या दिवशी तो घरीच कपाटात राहू दे."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, एकदा तसे झाले होते."

चाकू आपल्यापैकी थोड्यांकडेच असेल. पण अंगठ्याखालचा मोबाइल आणि तोंडातली जीभ यांनाही खटका आहेच. या आठवड्यात तो दाबण्यापूर्वीचा क्षण आपण थोडा लांबवून पाहू या.