शिंगाआडचा उजेड

बसा.

गवतावरच बसा. हाताचा तळवा खाली टेकवा. पात्यांवर दव उतरू लागलंय, पण त्याखालची माती दिवसभराचं ऊन अजून धरून आहे. वरून गार, आतून उबदार.

हात तसाच राहू द्या.

आपण अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्लिपरी रॉक गावाजवळ आहोत. कूपर्स लेक नावाच्या तळावर. ‘पेन्सिक वॉर’ हा मेळावा १९७२ साली सुरू झाला; उन्हाळ्यात तो इथे भरतो. दोनेक आठवडे, दहा हजारांच्या आसपास माणसं, कापडी तंबूंची अख्खी वस्ती. प्रत्येक जण सतराव्या शतकाआधीचं एखादं माणूस निवडतो आणि तेवढे दिवस ते होऊन राहतो.

एवढं पुरे. श्वास घ्या. धुराचा वास येतोय. ओल्या लाकडाचा, गोडसर.

आता समोर पाहा.

तंबूच्या दाराशी एक कंदील टांगलाय. त्याला काच नाही. काचेच्या जागी गुराच्या शिंगाचे पातळ तुकडे बसवलेत. मध्ययुगात काच महाग होती, म्हणून युरोपात असेच कंदील करत.

आत एक मेणबत्ती आहे.

तिची ज्योत नीट दिसत नाही. दिसतो तो तिचा उजेड. काकवीच्या रंगाचा.

त्याच्याकडे पाहत राहा.

शिंग पाण्यात भिजवतात, उकळतात. मऊ झालं की चिरून उलगडतात, त्याचे पापुद्रे सोडवतात, दाबून सपाट करतात. मग खरवडत बसतात. थोडं खरवडायचं, उजेडासमोर धरायचं. पुन्हा खरवडायचं, पुन्हा धरायचं. फार घाई केली तर भोक पडतं. माझ्या मैत्रिणीने हा कंदील करताना दोन पापुद्रे असेच गमावले. तिसरा टिकला.

त्या तिसऱ्या पापुद्र्यातून आत्ता तिचा चेहरा उजळलाय.

अर्धाच. उरलेला अंधारात आहे. राहू दे.

श्वास आत. श्वास बाहेर.

तिच्या अंगावर लिननचा झगा आहे. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसाच्या देठातल्या धाग्याचं हे कापड. शिवण हाताची आहे. उजेड हलला की टाके दिसतात, मग दिसत नाहीत.

मी सुती वस्त्र नेसलेय. इथे मी देवगिरीच्या यादवांच्या काळातली एक बाई असते. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या शतकातली. तिच्या कोनाड्यात तेलाचा दिवा असेल. मला तो दिवा आणि हा कंदील, दोन्ही एकदम दिसतात, आणि मी काही बोलत नाही.

तुम्हीही बोलू नका. ऐका.

रातकिडे. दूर कुठेतरी ढोल. एखाद्या तंबूत हसणं उसळतं आणि विरतं. ढोल थांबतो. रातकिडे थांबत नाहीत.

पुन्हा उजेडाकडे या.

आता गवतावर पावलं वाजतायत. आमचा एक मित्र येऊन बसतो. दिवसभर तो मैदानात लढत होता. अंगावर खरं पोलाद, हातात वेताची तलवार. त्याच्या दंडावर एक निळा वळ उमटलाय. उजेडात तो तपकिरी दिसतो.

“किती वेळा मेलास?” कुणीतरी हळूच विचारतं.

“चारदा.”

इथल्या लढाईत ‘तू मेलास’ असं दुसऱ्याने सांगायचं नसतं. वार अंगावर बसतो. कितपत बसला, ते ज्याला लागला त्यानेच ठरवायचं. हजार माणसं ओरडत असतात, चिलखतं खणखणत असतात, आणि त्यातून त्याला आपल्याच अंगावरचा तो एक ठोका ऐकायचा असतो. बसलाय असं वाटलं, की तो आपणहून खाली पडतो.

मला या साऱ्या मेळाव्यात हीच गोष्ट सगळ्यात प्रिय आहे.

तसं ऐका. तुमच्या छातीत एक ठोका चाललाय. शोधायला जाऊ नका. येऊ द्या.

हा एक.

हा आणखी एक.

२०२० आणि २०२१ साली महामारीमुळे इथे कुणी जमलं नाही. दोन उन्हाळे हे मैदान मोकळं होतं. दव तेव्हाही उतरलं असेल, याच पात्यांवर. त्या दोन उन्हाळ्यांत आम्ही चौघं चार गावांत होतो. आज चार हात अंतरावर आहोत, आणि ते अंतर मला दिसतंय, कारण या उजेडाला त्याच्या पलीकडे जाता येत नाही.

एकेक चेहरा पाहा. घाई नाही.

भुवई. नाकाची कड. ओठाच्या कोपऱ्यातली एक थकलेली रेघ. ती आत्ता थोडी हलली.

वारा येतो. तंबूचं कापड फुगतं, बसतं. शिंगाआडची ज्योत जराशी डोलते आणि पुन्हा सरळ होते.

तुमचाही श्वास असाच येऊ द्या. फुगून. बसून.

मेणबत्ती आता बोटाच्या पेराएवढी उरलीय.

मैत्रीण उठते. कंदिलाचं छोटं दार उघडते. क्षणभर ज्योत उघडी दिसते, पांढरी, अगदी लहान. इतका वेळ आपण हिच्याच उजेडात बसलो होतो.

ती बोटं ओली करते आणि वात चिमटीत धरते.

आमच्या घरी दिवा विझला असं म्हणत नसत. शांत झाला म्हणत.

दिवा शांत झालाय. उठू नका. वातीचं टोक अजून लाल आहे.

ते पाहा.