फळ्या बदलल्यावर जहाज कोणते?

मुंबईच्या गोदीत १८१६ साली एका युद्धनौकेच्या कण्यात जमशेटजी बमनजी वाडिया यांनी चांदीचा खिळा ठोकला. जहाजाचे भले व्हावे म्हणून पारशी जहाजकारागिरांनी पाळलेला हा विधी होता. मलबारच्या सागवानाची ती नौका, ‘ट्रिंकोमाली’, ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ऐंशी वर्षांनी ती मोडीत निघाली होती. तेव्हा एका इंग्रज गृहस्थाने ती विकत घेऊन वाचवली, तिला ‘फूद्रॉयां’ हे आपल्या बुडालेल्या जहाजाचे नाव दिले आणि तिच्यावर मुलांना नाविक शिक्षण देणे सुरू केले. १९९० पासून हार्टलपूलच्या गोदीत तिची दुरुस्ती झाली. सडलेले लाकूड काढून नवे बसवले गेले आणि मूळ नावही परत मिळाले. आज ती तिथे पाहायला मिळते.

नाव बदलले, काम बदलले, लाकडाचाही काही भाग बदलला. मग वाडियांनी खिळा ठोकलेले जहाज ते हेच का?

जुन्या नौकांच्या बाजारात हा प्रश्न रोज पैशात मोजला जातो. ब्रिटिश उद्योजक टॉमस सॉपविथ यांनी अमेरिका चषकासाठी १९३४ मध्ये ‘एन्डेव्हर’ ही शर्यतीची नौका बांधून घेतली. पुढे ती गंजून पडली. १९८४ मध्ये एलिझाबेथ मेयर यांनी तो सांगाडा विकत घेतला, पाच वर्षे खपून त्याची नौका केली आणि १९८९ मध्ये ती पुन्हा शीड उभारून निघाली. त्याच जातीची ‘रेंजर’ मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोडून टाकली गेली. आज त्या नावाने फिरणारी नौका या शतकात जुन्या आराखड्यांच्या आधाराने नव्याने बांधलेली आहे. रूप आणि वेग यांत दोघी एकमेकींना शोभतात, पण एकीला पूर्वायुष्य आहे आणि दुसरीला नाही. खरेदीदार हा फरक ओळखतो. तो नेमका कशात आहे हे सांगताना मात्र अडखळतो.

ग्रीकांनी हा पेच फार पूर्वी मांडला. दंतकथेतल्या थीसियस या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सवासीयांनी कुजलेल्या फळ्या बदलत जपले आणि जहाज तेच की वेगळे यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले, असे प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर दोहोंपैकी खरे कोणते?

आपल्याकडच्या दर्शनांनी हाच वाद वस्त्र, रथ आणि सोने यांच्या दाखल्यांनी घातला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ही अवयवांच्या बेरजेपेक्षा वेगळी असते, पण ती त्यांच्यातच राहते. म्हणून कापडातला एक धागा उपसला तरी जुने कापड नष्ट होते आणि ‘खंडपट’ हे नवे कापड जन्माला येते. हा नियम लावला तर एक फळी बदलताच जुने जहाज संपले! बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारतो की यातला रथ कोणता. त्याच्या दृष्टीने ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. पहिल्या मताने दुरुस्ती केलेली प्रत्येक नौका नवी ठरते. दुसऱ्या मताने मूळ नौका म्हणून वेगळे असे काही कधी नव्हतेच.

जैन आचार्य समंतभद्रांचा दाखला या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा रडतो, मुकुट हवा असणारा हसतो आणि ज्याला केवळ सोने हवे तो स्थिर राहतो. तिघांच्याही भावनेला वस्तूत खरा आधार आहे, कारण वस्तूत नाश, उत्पत्ती आणि टिकून राहणे एकाच वेळी घडते.

मुंबईने हे डोळ्यांनी पाहिले आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर लढलेली विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. २०१४ मध्ये ती लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेली. तिचे पोलाद घेऊन बजाजने २०१६ मध्ये ‘व्ही’ ही मोटरसायकल बाजारात आणली. २०२२ मध्ये कोचीत बांधलेली नवी विमानवाहू नौका नौदलात आली, तेव्हा तिला ‘विक्रांत’ हेच नाव आणि ‘आर ११’ हाच क्रमांक मिळाला. पोलाद एकीकडे, नाव दुसरीकडे. जुन्या विक्रांतवर सेवा केलेल्या नौसैनिकाला विचारले, तर त्याची विक्रांत या दोन्ही ठिकाणी नाही. पोलाद टिकले म्हणून घट टिकला, असे समंतभद्रही म्हणणार नाहीत.

मग टिकणे म्हणजे काय? याचे उत्तर देवळांनी आचारातून दिले आहे. जीर्णोद्धारात मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात घेतले जाते, काम पूर्ण होईपर्यंत तिथेच त्याची पूजा चालते आणि मग ते परत स्थापले जाते. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर याहून पुढे जातो. तिथे कडुनिंबाची अख्खी मूर्तीच बदलते, आतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना भूमिसमाधी दिली जाते. २०१५ मध्ये हे घडले, तेव्हा देव बदलला असे कुणा भक्ताला वाटले नाही. लाकूड बदलले, पण सेवा कुठेही तुटली नाही.

जहाजालाही हीच कसोटी लावली पाहिजे. एका हातातून दुसऱ्या हातात सांभाळ सोपवला जात असेल आणि मध्ये कुठेही ती साखळी तुटली नसेल, तर फळ्या बदलूनही जहाज तेच. या न्यायाने ‘ट्रिंकोमाली’ खरी; ‘एन्डेव्हर’ गंजून पडली तरी तिचा सांगाडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, म्हणून तीही खरी. हॉब्जच्या कोड्यात थीसियसचे जहाज ते, जे अथेन्सवासीयांनी पिढ्यान्पिढ्या जपले. जुन्या फळ्यांच्या जहाजाचा मान पुराव्याचा आहे. त्या फळ्यांवर हत्याराच्या खुणा आहेत, जुन्या सुताराचा हात आहे. तो पुरावा फेकून देणे हाही सांभाळातला दोषच आहे.

यावर एक आक्षेप निघतो. सांभाळाचा दावा कुणीही करील, आणि व्यापारी तर आधी करील. म्हणून सांभाळाला सत्याची जोड हवी: कोणती फळी कधी बदलली, का बदलली, जुनीचे काय केले याची उघड नोंद. ही नोंद नसलेली दुरुस्ती आणि बनावट माल यांच्यात फारसे अंतर राहत नाही.

छोट्या प्रतिकृतींच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. याला एक अपवाद आहे. नेपोलियनच्या काळात इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉस छावणीतले फ्रेंच कैदी जेवणातल्या हाडांतून जहाजे कोरून छावणीच्या बाजारात विकत. ती लहान जहाजे आज संग्राहक जपतात. ती कुठल्या मोठ्या जहाजाची हुबेहूब नक्कल असण्याची गरजही नाही, कारण कैद्याच्या हाताने ती स्वतःच मूळ वस्तू झाली आहेत.

मराठी गुराबेच्या, म्हणजे आरमारातल्या शिडाच्या लढाऊ जहाजाच्या, प्रतिकृतीचे तसे नाही. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर जहाजबांधणीला हात घातला. पुढे ते आरमार कान्होजी आंग्रे यांनी वाढवले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळाली. त्या काळातली एकही मराठी गुराब आज उभी नाही. एखाद्या मराठी कुटुंबाने दिवाणखान्यासाठी गुराबेची प्रतिकृती घेतली, तर ती कागदपत्रे, चित्रे आणि कारागिराचा तर्क यांतून झालेली असते. त्यात वावगे काही नाही. तो तर्क आहे हे मात्र विकणाऱ्याने सांगितले पाहिजे.

‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ने हा प्रामाणिकपणा पाळला आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकाच्या जहाजावरून केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात ती काथ्याने फळ्या शिवून बांधली. मूळ आराखडा हाताशी नसल्याने तिच्या आकाराची चाचणी आयआयटी मद्रासच्या मदतीने झाली. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली. ती प्राचीन असल्याचा दावा कुणी केलेला नाही. जुनी विद्या नव्या जहाजात आली आहे, एवढेच तिचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे.

म्हणून नौका किंवा तिची प्रतिकृती विकत घेणाऱ्याने किमतीच्या आधी तिच्या नोंदींची वही मागावी. वही नसेल तर त्या दिवसापासून सुरू करावी आणि बदललेला प्रत्येक तुकडा तारखेसह जपून ठेवावा. सरकारनेही हेच करावे. एखादी युद्धनौका निवृत्त झाली, तर तिच्या सांभाळाची तजवीज लिलावाची तारीख ठरण्यापूर्वी व्हायला हवी. विक्रांतच्या वेळी ते झाले नाही. पुढच्या नौकेच्या वेळी व्हावे, यासाठी आग्रह धरण्याचा हक्क आणि जबाबदारी नागरिकांची आहे.