निदेशक, प्रशिक्षणार्थी आणि दोघांमधला जॉब

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडणाऱ्या भातकुली तालुक्यात जमिनीखालचे पाणी खारे असल्याने विहिरीवर ओलीत करण्याची सोय फारशी नाही, आणि कोरडवाहू कपाशी-तुरीवर घर भागत नाही हे पुरते कळून चुकलेल्या कुटुंबातील मुलगा दहावीनंतर अमरावतीच्या आयटीआयमध्ये जोडारी किंवा वीजतंत्री या व्यवसायाला प्रवेश घेतो, तेव्हा त्याला विद्येपेक्षा रोजगाराची ओढ अधिक असते. वर्कशॉपमध्ये व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकाशी, म्हणजे शिल्पनिदेशकाशी, त्याचे नाते या अपेक्षेतूनच सुरू होते. म्हणून ते नुसत्या गोड बोलण्यावर टिकत नाही.

केंद्र शासनाने १९५० मध्ये सुरू केलेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत भर प्रात्यक्षिकावर आहे. जोडारीच्या मुलाला सुरुवातीचे आठवडे लोखंडी तुकडा कानशीने घासून सपाट करावा लागतो. हात भरून येतात, फोड येतात आणि या घासकामाचा नोकरीशी संबंध काय, हे त्याला उमगत नाही. अशा वेळी निदेशक त्या तुकड्याला, ज्याला वर्कशॉपच्या भाषेत जॉब म्हणतात, गुण्या लावून उजेडासमोर धरतो आणि कडेखालून प्रकाश कुठे झिरपतो ते मुलालाच पाहायला लावतो. चूक निदेशकाच्या मर्जीने ठरत नाही, ती फटीतून दिसते आणि तोच गुण्या निदेशकाच्या कामालाही लागतो. दोघेही एकाच मापाला बांधलेले आहेत हे पटले की रागावणेसुद्धा मुलाला अपमान वाटत नाही. उलट, न केलेल्या जॉबचे गुण मांडले गेले किंवा जर्नल नुसते उतरवून घेतले गेले, तर सवलत मिळालेला मुलगाच त्या निदेशकाला मनातून उतरवतो, हे व्यवस्थेच्या ध्यानात क्वचितच येते.

हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा विचार विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मधील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये उभारलेल्या विज्ञान आश्रमाने त्याच दिशेने एक पाऊल पुढे टाकून मुलांच्या हाती गावाच्या गरजेची खरी कामे दिली. खऱ्या कामात शिक्षकाचेही कौशल्य उघड्यावर येते, आणि ज्याला स्वतःच्या हाताची खात्री नाही तो निदेशक मुलाला यंत्राजवळ फिरकू देत नाही. सुरक्षेच्या नावाखाली दडलेला हा अविश्वास मुले अचूक ओळखतात.

दुसरी कसोटी वर्कशॉपबाहेरची आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवाराला म्हणजे अप्रेंटिसला मिळणारे विद्यावेतन, तिथल्या पाळ्या आणि पुढे कायम होण्याची अनिश्चिती ही सारी माहिती प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणाने देणारा निदेशक काही मुलांचा हिरमोड करील, परंतु १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने मिळणारी संधी नोकरीची हमी नव्हे, हे आधीच सांगणारा माणूसच पुढे सल्ला देण्यास पात्र ठरतो.

हे सारे व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडता मात्र येत नाही. अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या निदेशकाला पुढच्या सत्रात आपण याच संस्थेत असू की नाही हे ठाऊक नसते. त्याच्याकडून मुलाच्या दोन वर्षांच्या जडणघडणीची जबाबदारी मागणे अन्यायाचे आहे. विश्वासाविषयीची व्याख्याने आयोजित करण्याआधी शासनाने निदेशकांची रिक्त पदे नियमित नेमणुकांनी भरावीत.