किनाऱ्याची निवड

सुट्टी जवळ आली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या परिसरातील घराघरांत सहलीचे बेत ठरू लागतात. एके काळी ही धाव वसईच्या किनाऱ्यापर्यंत, फार तर गोव्यापर्यंत असे. आता थोडे थोडे पैसे साठवून अंदमानला जाणारी कुटुंबेही आपल्या धर्मग्रामांत आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : तेथील सर्वांत चांगला समुद्रकिनारा कोणता? हा प्रश्न प्रवासी कंपनीला विचारावा, नीतिशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. परंतु 'चांगला' हा शब्द उच्चारला की 'कोणासाठी चांगला' हा प्रश्न त्याच्यामागून येतोच, आणि तो टाळता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आनंदासाठी प्रवास करण्यात काहीही पाप नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात विरंगुळ्याचा विचार सद्गुणांच्या विवेचनात केला आहे. श्रमाने शरीर थकते तसे मनही थकते आणि त्यालाही विसावा हवा असतो, अशी त्यांची भूमिका आहे. मात्र हा विसावा विवेकाला सोडून नसावा, हेही ते बजावतात. म्हणजेच सुखाची निवड करतानाही सदसद्विवेकबुद्धीला सुट्टी देता येत नाही.

अंदमानातील किनाऱ्यांत सर्वाधिक नावाजलेला किनारा राधानगरचा. तो स्वराज द्वीपावर आहे. २०१८ पर्यंत या बेटाचे नाव हॅवलॉक होते. २००४ साली 'टाइम' या नियतकालिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० साली त्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. शुभ्र वाळू, नितळ पाणी आणि पाठीशी उंच वृक्षांचे दाट रान. लेकरेबाळे आणि वृद्ध आईवडील यांना घेऊन जाणाऱ्याने स्वच्छ व सुरक्षित किनारा निवडावा, हे शहाणपणाचेच आहे. तथापि निवडीची आपली बहुतेक मापे पाहुण्याच्या बाजूची असतात. यजमानाला काय वाटते, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

यजमानाची बाजू आपल्याला तरी कोणी समजावून सांगायला नको. पावसाळ्यात माळशेज घाटाकडे शहरांतून गाड्यांची रांग लागते. येणाऱ्याला धबधबा दिसतो. मागे राहिलेल्या बाटल्या आणि काचा गावकऱ्यांना दिसतात. अपघात टाळण्यासाठी जिल्हा प्रशासनाला धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढण्याची वेळ अनेकदा आली आहे. शहापूर तालुक्याची कथा तर याहून जुनी आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसा धरणही त्या महानगराची तहान भागवते. त्याच तालुक्यातील कितीतरी पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. आपले ठिकाण दुसऱ्याच्या उपयोगाचे ठरते आणि आपण मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो, तेव्हा मनाला काय वाटते, हे आपण जाणतो. मग अंदमानात उतरताच ही जाणीव विसरून कसे चालेल?

त्या बेटांवरही माणसे राहतात. स्वराज द्वीपावरील पुष्कळ कुटुंबे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची आहेत. १९१८ पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर जंगलकामासाठी अंदमानात नेले गेले. त्यांतील अनेक जण आपलेच कॅथलिक बांधव होते. उत्तरेस दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात. तेथे विजेरीचा झोत आणि गलबला म्हणजे त्या मुक्या जिवांना दिलेला त्रासच. तेथे जाऊ नये असे नव्हे. पण जाणाऱ्याने दबक्या पावलांनी जावे.

आणि एक किनारा असा आहे की जेथे जाऊच नये. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांना बाहेरच्यांचा सहवास नको आहे, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. १९५६ च्या नियमांन्वये त्यांना संरक्षण असून बेटाभोवतीच्या समुद्रातही प्रवेशास बंदी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक तरुण अमेरिकन ख्रिस्ती प्रचारक मच्छीमारांच्या साहाय्याने तेथे पोहोचला आणि बेटवासीयांच्या हातून मारला गेला. सुवार्ता सांगावी हा त्याचा हेतू होता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु कृतीची नैतिकता केवळ हेतूवर ठरत नाही. कृतीचे स्वरूप आणि परिस्थितीही पाहावी लागते, ही आपल्या नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. आपल्या साध्या खोकल्याचा प्रतिकार करण्याची शक्तीही त्या लोकांच्या शरीरात नसावी. एकोणिसाव्या शतकात हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी लोक गोऱ्यांच्या वसाहतीनंतर प्रामुख्याने साथीच्या रोगांनी मेले. आज ते अगदी मोजके उरले आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. समुद्रकिनारा कोणाच्याही मालकीचा नाही, मग मज्जाव कसला? सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचे किनारे सर्वांच्या सामायिक मालकीचे मानले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात हाच धागा धरून सांगितले की शासन अशा संपत्तीचे विश्वस्त आहे. आक्षेप वजनदार आहे, परंतु 'सामायिक' या शब्दाचा अर्थ आपण आपल्या गावातच पाहावा. सार्वजनिक विहिरीवर सर्वांचा हक्क असतो. म्हणूनच तिच्या पाण्यात पाय धुण्याचा हक्क कोणालाच नसतो. शिवाय ज्याचे जगणे त्या किनाऱ्यावर अवलंबून आहे त्याचा हक्क आधी, आणि ज्याची केवळ सुट्टी अवलंबून आहे त्याचा नंतर.

तेव्हा घरात बेत ठरत असताना खर्च आणि सोयी यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टींची चौकशी करावी : तेथे कोण राहते, आणि आपल्या जाण्याने त्यांचे काय होणार आहे? मुलांनाही या बोलण्यात सामील करून घ्यावे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिलेला सुवर्णनियम त्यांना पाठ असतो. तो सहलीलाही लागू पडतो, हे त्यांना यातून कळेल. माळशेजला येणाऱ्या पाहुण्याने कसे वागावे, याविषयी आपल्या सर्वांची मते अगदी स्पष्ट आहेत. राधानगरच्या वाळूवर पाऊल ठेवताना तीच मते आपल्यालाही लागू करावीत.