पासावरचा प्रेक्षक

जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला की थिएटरच्या आवारात एक निराळीच जमात उतरते. गळ्यात पास, हातात घड्या पडून विरलेलं वेळापत्रक, त्यावर पेनाने केलेल्या खुणा. बँकेतून निवृत्त झालेले काका, तालमीतून तसेच आलेले कॉलेजातले मुलगे-मुली, आणि पिशवीत डबा घेऊन सकाळच्या पहिल्या खेळापासून ठाण मांडणाऱ्या एखाद्या आजी. बोलायला ओळख लागत नाही. "इराणी सोडू नका हं." "कालचा हंगेरियन? आम्ही मध्यंतरात उठलो." "अहो, इथे मध्यंतर कुठे असतं!"

ही गर्दी अभ्यासू असते, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. निम्म्या लोकांनी कॅटलॉगमधल्या चार ओळीही वाचलेल्या नसतात. त्यांना धीट करतो तो गळ्यातला पास.

तिकीट काढणारा माणूस सौदा करत असतो. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला न्यायचं तर तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न धरून पाचशेच्या किती नोटा मोडतात ते सांगायला नको. मग तो आधी विचारणारच, "आहे कोण यात?" त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पासवाल्याचे पैसे मात्र केव्हाच गेलेले असतात. सिनेमा फसला तर दोन तास गेले, एवढंच. म्हणून ज्याचं नाव धड उच्चारता येत नाही अशा दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमालाही तो बिनदिक्कत शिरतो. स्वतंत्रपणे, पदरमोड करून काढलेल्या सिनेमाला हवा असतो तो नेमका हाच माणूस.

पाहण्याची रीतही पासामुळे बदलते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा त्या रिकाम्या दालनासमोरून हलायलाच तयार नसतो. पडदा काळा होतो. महोत्सवात पाहिला तेव्हा सगळं सभागृह जागच्या जागी होतं. 2015 च्या एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाल्यावर पुन्हा गेलो, तर त्या अंधारात पुढच्या दोन रांगा उठून चपला चाचपू लागल्या. त्यानंतर न्यायाधीशमहाशय सहलीला जातात, आणि सिनेमाला जे म्हणायचंय त्यातलं बरंचसं त्या सहलीत आहे. उठलेल्यांना सिनेमा कळत नव्हता, असं मुळीच नाही. पैसे दिले, गोष्ट मिळाली, हिशेब मिटला, असं त्यांना वाटलं.

पासाचे दुर्गुणही आहेत. लग्नातल्या बुफेत ताट भरावं तसे लोक सिनेमे भरतात. "आज पाच झाले" हे ऐकवण्यासाठीच काही जण आलेले असतात. दिग्दर्शक प्रश्नोत्तरांसाठी माइक हातात घेतो, तेव्हा अर्धं सभागृह पुढच्या रांगेकडे धावत असतं. दोन वर्षं घर गहाण टाकल्यासारखा राबलेला तो माणूस पाठमोऱ्या लोकांना धन्यवाद देतो. हे दृश्य मला दरवर्षी खटकतं.

आणि महोत्सव संपला की हाच प्रेक्षक पुन्हा तिकिटावर येतो. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' 2023 मध्ये टोरांटोला गौरवला गेला आणि आपल्याकडे प्रदर्शित झाला मार्च 2025 मध्ये. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, पाहायला येणारे लोक, तेच प्रश्न, पुन्हा तेच प्रश्न. या पुनरुक्तीतच त्याचा जोर आहे. पासावर ती अंगावर येते, तिकिटावर 'तेच तेच' वाटण्याचा धोका असतो. महोत्सवाच्या रांगेत तासभर उभे राहणारे काका अशा वेळी म्हणतात, "ओटीटीवर येईलच की."

तिकिटावरच्या मराठी सिनेमाला हात द्यायला महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम सक्तीचा केला. विरोध झाल्यावर ही वेळ दुपारी बारापासून धरायचं ठरलं. भर दुपारी प्राइम टाइम! पण खेळ मिळवून देता येतो, खुर्चीत माणूस बसवता येत नाही.

महोत्सव आणि तिकीटबारी यांच्यातली ही फट नेहमीच होती असं नाही. पुण्याच्या महोत्सवातला मराठी स्पर्धेचा पुरस्कार 'संत तुकाराम'च्या नावाने दिला जातो. 1936 चा हा सिनेमा पुढच्याच वर्षी व्हेनिसला नावाजला गेला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. 'महोत्सवी' आणि 'चालणारा' अशी वाटणी त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांना करावी लागली नाही. अर्थात त्यांच्या पाठीशी 'प्रभात' फिल्म कंपनी होती, स्टुडिओ होता, पगारी माणसं होती. आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकामागे बहुधा मित्रच असतात.

पासाची युक्ती तशी जुनीच. मुंबईत 1968 मध्ये सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ काय किंवा इतर फिल्म सोसायट्या काय, वर्गणीवरच चालत आल्या. सभासद सिनेमागणिक खिसा चाचपत नसे. आठ दिवसांच्या झगमगाटापेक्षा, वर्षभर नेमाने सिनेमे दाखवणाऱ्या अशा मंडळांनी प्रेक्षक जास्त घडवला, असं माझं मत आहे. एका मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीने 2023 मध्ये महिन्याचा पासही काढून पाहिला, पण सोमवार ते गुरुवारपुरता. शुक्रवारी लागलेल्या छोट्या मराठी सिनेमाला सोमवारी उरलेला असतो सकाळी सव्वादहाचा एक खेळ, तोही उरला तर.